‘अरेबिया’वर गोठलेला रेग्युलेटर: गोड्या पाण्यातल्या एका डाईव्हचं प्रकरण

थंड पाण्यात तेहतीस मीटर खाली माझ्या जोडीदाराचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणून देणारं उपकरण, गोठला. हे प्रकरण माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि त्यातले अर्धे निर्णय माझे होते. ज्याच्या बाबतीत घडलं त्याला विचारून, त्याच्याकडून वाचून घेऊन लिहिते आहे. त्याला इथे ‘स’ म्हणते. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. आकडे मात्र आमच्या दोघांच्या डाईव्ह कॉम्प्युटरमधून (खोली आणि वेळ नोंदवणारं यंत्र) आणि त्याच रात्री लिहिलेल्या टिपणांतून घेतलेले आहेत.

जागा आणि जहाज

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ब्रूस द्वीपकल्पाच्या टोकाला टोबरमोरी हे छोटं बंदर आहे. एका बाजूला ह्युरॉन सरोवर, दुसऱ्या बाजूला जॉर्जियन बे. शिडाच्या जहाजांच्या काळात धुकं, खडक आणि शरद ऋतूतली वादळं यांनी इथे अनेक जहाजं गिळली. ‘फॅदम फाइव्ह’ हे राष्ट्रीय सागरी उद्यान १९८७ मध्ये झालं. त्याच्या हद्दीत वीसहून अधिक बुडालेली जहाजं आहेत. डाईव्ह करायची तर आधी नोंदणी करावी लागते आणि जहाजावरचा खिळासुद्धा उचलायला बंदी आहे.

त्यातलं ‘अरेबिया’ हे तीन डोलकाठ्यांचं जहाज १८५३ मध्ये किंग्स्टनला बांधलेलं, साधारण चाळीस मीटर लांबीचं. ऑक्टोबर १८८४ मध्ये मका भरून शिकागोहून मिडलंडला जाताना एको बेटाजवळ ते बुडालं. सापडलं ते १९७१ मध्ये. तळाची खोली ३३ ते ३६ मीटर. मागचा भाग मोडून पसरला आहे, पण नाळ, म्हणजे पुढचं टोक, अजून उभी आहे. नाळेतून पुढे आलेला लांब दांडा जागेवर आहे, दोन्ही बाजूंना नांगर आहेत, दोर ताणायच्या तीन भोकांच्या लाकडी चकत्या आहेत, नांगर ओढायचा रहाट आहे. सव्वाशेहून जास्त वर्षं पाण्यात असलेलं लाकूड हातमोज्याच्या एका बोटाने टेकून पाहिलं तर घट्ट लागतं.

मालवणच्या माणसाला यातलं आश्चर्य समजावून सांगावं लागत नाही. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतो, तो होडीच्या फळीची चाळण करून टाकतो. गोड्या पाण्यात तो जगत नाही. त्यात तळाशी बारा महिने थंडी. गोडं पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, म्हणून जुलैमध्ये वर लोक पोहत असतात तेव्हाही तळाशी चार-पाच अंशांचं पाणी साचलेलं असतं. किडा नाही, उजेड कमी, कुजणं मंद, म्हणून जहाज टिकतं. (आता झेब्रा आणि क्वागा शिंपल्यांची वेगळी डोकेदुखी आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते या सरोवरांत शिरले. त्यांनी पाणी गाळून नितळ केलं आणि अनेक जहाजांवर थरच्या थर चढवले. पण तो विषय स्वतंत्र आहे.)

याच ‘अरेबिया’वर आजवर अनेक डायव्हरांचा जीव गेला आहे. हे मला माहीत होतं, ‘स’ला माहीत होतं, बोटीच्या कॅप्टनने निघण्यापूर्वी सांगितलंही होतं.

आम्ही दोघं

मी टोरांटोजवळ राहते. या सरोवरांत पंधरा वर्षं डाईव्ह करते आहे. वर्षाला वीस-पंचवीस, बहुतेक ड्राय सूटमध्ये, म्हणजे आत पाणी न शिरणाऱ्या पोशाखात.

‘स’ तेव्हा एकोणतिशीचा. मूळ सिंधुदुर्गातला, शिक्षण पुण्यात, नोकरीसाठी कॅनडात येऊन अकरा महिने झालेले. पोहणं रक्तातलं. पहिली डाईव्ह मालवणला, पुढचे कोर्स अंदमानात, कर्नाटक किनाऱ्याजवळच्या नेत्राणी बेटाला बऱ्याच फेऱ्या. एकूण चौसष्ट डाईव्ह, त्यांत तिसाहून जास्त मीटरच्या नऊ. कागदोपत्री आणि पाण्यातही तो चांगला डायव्हर होता, आजही आहे. फक्त या चौसष्टांपैकी एकही डाईव्ह चोवीस अंशांच्या खालच्या पाण्यातली नव्हती.

आमची गाठ मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात पडली. मोदकांच्या पंगतीत कुणीतरी ‘ही बाई पाण्याखालची जहाजं बघते’ असं सांगितलं आणि तो पान घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. त्या दिवसापासून मी त्याची ताई. हे नातं या प्रकरणात महत्त्वाचं आहे. अनोळखी डायव्हर असता तर मी जे प्रश्न खडसावून विचारले असते ते याला विचारले नाहीत, आणि त्याने कॅप्टनला जे सांगितलं असतं ते मला सांगितलं नाही.

निघण्यापूर्वीचे तीन निर्णय

जुलैतला शनिवार-रविवार ठरला. शनिवारी सकाळी उथळ पाण्यातलं ‘स्वीपस्टेक्स’, दुपारी ‘अरेबिया’. बोटीतल्या जागांचे पैसे भरलेले होते, परत मिळणार नव्हते.

पहिला प्रश्न रेग्युलेटरचा. ‘स’ने भारतातून स्वतःचा आणला होता. मी फोनवर म्हटलं, “अरे, इथे थंड पाण्याचा सीलबंद रेग्युलेटर लागतो. दुकानातून भाड्याने घे.” दुकानात त्या आठवड्यात सीलबंद, म्हणजे आतल्या भागात बाहेरचं पाणी न शिरणारा, असा एकही शिल्लक नव्हता. त्याचा पुन्हा फोन आला. “ताई, माझा नुकताच सर्व्हिस करून आणलाय. इतक्या डाईव्ह झाल्या, कधी साधा बुडबुडा सुटला नाही.” माझ्यासमोर तीन वाटा होत्या. ‘अरेबिया’ रद्द करून दोन्ही दिवस उथळ जहाजांवर घालवायचे, ओळखीच्या कुणाकडून सीलबंद रेग्युलेटर मागून आणायचा, किंवा त्याचाच चालवायचा. दुसऱ्या वाटेसाठी मी दोन फोन केले, ते लागले नाहीत, आणि मी तिसरी वाट धरली. मनाशी म्हटलं, सकाळच्या डाईव्हला तपासून घेऊ.

दुसरा प्रश्न वजनांचा, म्हणजे खाली जाता यावं म्हणून कमरेला बांधायच्या शिशाचा. समुद्राच्या पाण्यापेक्षा गोडं पाणी हलकं, म्हणून माणूस त्यात कमी तरंगतो. सामानासकट शंभर किलोचा डायव्हर असेल तर अडीच किलोच्या आसपास शिसं कमी लागतं. पण ‘स’ तीन मिलिमीटरच्या सूटमधून सात मिलिमीटरच्या दोन थरांत शिरला होता, त्यामुळे शिसं वाढवायचंही होतं. दुकानातल्या मुलाने अंदाजाने बारा किलो बांधून दिलं. ‘स्वीपस्टेक्स’वर सहा-सात मीटरच्या पाण्यात तो आरामात खाली गेला आणि म्हणाला, “मस्त बसलंय.” वजन जास्त झालं की खाली जाणं सोपंच वाटतं. सिलिंडर जवळजवळ रिकामा असताना पाच मीटरवर स्थिर राहता येतं का, ही खरी चाचणी आम्ही केली नाही.

तिसरा निर्णय हवेचा. दोघांचं ठरलं ते असं: तळाशी जास्तीत जास्त पंधरा मिनिटं आणि कुणाचाही गेज (सिलिंडरमधला दाब दाखवणारा काटा) सत्तर बारला आला की वर. बार हे दाबाचं माप, भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण दोनशे. हा आकडा कुठून आला? सवयीतून. हिशेब मांडला नव्हता.

सकाळची ‘स्वीपस्टेक्स’ची डाईव्ह सुंदर झाली. हे १८६७ मध्ये बर्लिंग्टनला बांधलेलं जहाज १८८५ मध्ये ओढत बिग टब बंदरात आणलं आणि तिथेच बुडालं. वरून होडीतूनही त्याचा आकार दिसतो. पाणी अठरा अंश. ‘स’चा रेग्युलेटर शहाण्यासारखा चालला. मी सुटकेचा श्वास सोडला आणि तिथेच फसले. रेग्युलेटरची परीक्षा ज्या दोन गोष्टींत होते, खोली आणि थंडी, त्यांतली एकही त्या पाण्यात नव्हती.

पाण्याखाली काय घडलं

दुपारी सव्वादोनला आम्ही मूरिंगच्या, म्हणजे तळापासून वर बोयापर्यंत बांधलेल्या, दोराने खाली निघालो. सोळा मीटरवर पाण्याचा थर बदलला. ‘स’ने खांदे आखडले ते मला दिसलं. खूण केली: ठीक? ठीक. तीस मीटरवर त्याच्या कॉम्प्युटरने पाच अंश दाखवले. माझ्या ड्राय सूटमध्ये मला गार वाटत होतं, पण सहन होण्यासारखं. त्याचा सात मिलिमीटरचा निओप्रीन तोवर दाबाने अर्ध्यावर आला होता. अंगावरची ऊब कमी, तरंगण्याची शक्तीही कमी, कमरेला शिसं आधीच जास्त.

मग नाळ दिसली. ती क्षणभर काहीही विसरायला लावते, मी कितीही वेळा पाहिली असली तरी. हिरव्या-करड्या उजेडातून आधी तो लांब दांडा पुढे येतो, मग त्याखालून नांगराची काळी पकड. ‘स’ माझ्याकडे वळला आणि दोन्ही हातांनी होडीच्या नाळेचा आकार काढून दाखवला. नंतर म्हणाला, “ताई, आजोबांच्या रापणीच्या होडीची नाळ आठवली गं.” तिथे तो खाली सरकला, नांगराचा फोटो वरच्या दिशेने घ्यायला. तळाचा गाळ जवळ आला. स्वतःला वर उचलण्यासाठी त्याने बीसीडीत (हवा भरून-सोडून तरंगणं सांभाळायचं जाकीट) हवा भरायचं बटण दाबलं आणि दाबून धरलं. जड होता, बोटं बधिर होती, म्हणून एक लांब फुगारा झाला. त्याच वेळी त्याने एक मोठा श्वास घेतला.

मी चार मीटरवर लाकडी चकत्यांपाशी होते. आधी आवाज ऐकला. पाण्याखाली तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही, मोठी नळी फुटल्यासारखा सलग घोंघाट. वळून पाहिलं तर ‘स’च्या जागी बुडबुड्यांचा पांढरा खांब. त्याचं तोंड, मास्क, हात, काहीच दिसत नव्हतं.

तळाशी येऊन नऊ मिनिटं झाली होती. माझ्याकडे १३५ बार. त्याने काही सेकंदांपूर्वीच मला गेज दाखवला होता, ११५.

त्या एका मिनिटातले पर्याय

इथे थोडं थांबून लिहिते, कारण प्रकरणाचा गाभा हा आहे.

फ्री फ्लो झालेल्या, म्हणजे अखंड हवा सोडत राहिलेल्या, रेग्युलेटरमधून श्वास घेता येतो. ओठ घट्ट न मिटता, जास्तीची हवा बाजूने जाऊ देत, घोट घेतल्यासारखं. ‘स’ने हे अंदमानात कोर्समध्ये केलं होतं आणि त्याने आपणहून तेच सुरू केलं. घाबरून रेग्युलेटर थुंकून टाकला असता तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. त्यामुळे पहिला पर्याय होता, असेच घोट घेत वर निघणं. पण गेजचा काटा डोळ्यांदेखत पडत होता, आणि वर पोहोचायला, थांबा धरून, सहा-सात मिनिटं लागणार होती. (घाईने वर आलं तर शरीरात साठलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, म्हणून सावकाश यायचं आणि वाटेत थांबायचं.)

दुसरा पर्याय म्हणजे आधी त्याच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा. हवा वाचते, बर्फ वितळायला वेळ मिळतो. पण व्हॉल्व्ह बंद झाला की तोंडातली हवा संपली. त्याआधी दुसरा रेग्युलेटर तोंडात हवाच.

तिसरा, माझा लांब नळीचा रेग्युलेटर त्याला द्यायचा आणि व्हॉल्व्हच्या नादी न लागता लगेच दोराकडे निघायचं. यात त्याचा सिलिंडर पूर्ण रिकामा होणार, घोंघाट आणि बुडबुडे चालूच राहणार, आणि त्या पांढऱ्या खांबात मला त्याचा चेहरा दिसणार नाही.

मी चौथा केला: आधी रेग्युलेटर दिला, मग व्हॉल्व्ह बंद केला. बुडबुड्यांत हात घालून त्याचा खांदा धरला, माझा रेग्युलेटर तोंडातून काढून त्याच्या मास्कसमोर धरला, स्वतः गळ्यातला बॅकअप घेतला. त्याने तो चावून धरला. त्याचे दात त्या माउथपीसवर इतके घट्ट बसले की नंतर रबरावर खुणा होत्या. मग त्याच्या पाठीमागे हात नेऊन व्हॉल्व्ह फिरवायला लागले. जाड मोजे, बर्फासारखं धातूचं चाक, आणि दिशा उलटी. दोन वेळा चुकीकडे फिरवला. तिसऱ्यांदा आवाज बारीक होत थांबला. अचानक शांतता. त्याच्या गेजवर ३० बार होते. पाऊण मिनिटात ८५ बार, म्हणजे नऊशे लिटरहून जास्त हवा, वर निघून गेली होती.

आता प्रश्न: इथूनच सरळ वर, की दहा-बारा मीटरवरच्या दोराकडे? सरळ वर गेलं तर अंतर कमी. पण वर बोटींची ये-जा, आणि ‘स’च्या बीसीडीला आता हवा भरण्याची सोय नाही, फक्त सोडण्याची. दोघांचं तरंगणं मला एकटीला सांभाळावं लागणार होतं. धरायला काहीतरी हवं. मी दोराची खूण केली. त्याने मान हलवली आणि माझा पट्टा धरला. हा निर्णय आजही बरोबर वाटतो.

वर येताना

दोर हाती लागला तेव्हा माझ्याकडे ११० बार होते. दोघेही धापा टाकत होतो.

पंचवीस मीटरपर्यंत ठीक. पुढे वर येऊ तसा ‘स’चा निओप्रीन पुन्हा फुलू लागला आणि बीसीडीतली हवाही प्रसरण पावू लागली. ती सोडायची असते हे त्याला झोपेतही ठाऊक आहे. त्या क्षणी त्याचं सगळं लक्ष तोंडातल्या रेग्युलेटरवर होतं. चौदा मीटरवर तो माझ्या वर गेला, माझा हात ताणला गेला, मी दोरावरून सरकले. दोघांचे कॉम्प्युटर एकदम ओरडू लागले. एका हाताने दोर आवळून दुसऱ्या हाताने मी त्याच्या बीसीडीची खालची दोरी ओढली आणि हवा सोडली. नऊ मीटरवर आम्ही सावरलो. नंतर नोंद पाहिली तर ती पाच मीटर आम्ही वीस सेकंदांत आलो होतो, म्हणजे मिनिटाला पंधराच्या वेगाने. नऊचा वेग ठेवायला हवा होता.

पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा ठरला होता. वेग जास्त झाला म्हणून मी पाच बोटं दाखवली. तिथे पाणी सोळा अंशांचं होतं आणि उजेड होता. ‘स’ला कापरं भरलं होतं, पण डोळे शांत झाले होते. पृष्ठभागावर माझ्याकडे ४५ बार उरले.

बोटीवर

डेकवर बसल्यावर ‘स’ पहिलं वाक्य बोलला ते हे: “ताई, तो वेग जास्त झाला ना, ते कॅप्टनला नको सांगूस. उद्याची डाईव्ह जाईल.”

मी त्याच्यासमोरच कॅप्टनला सगळं सांगितलं. तो माझ्यावर रुसला, ते चालण्यासारखं होतं. कॅप्टनने एक शब्दही न वाढवता ऑक्सिजन काढला, त्याला लावला, अंगावर दोन ब्लँकेटं टाकली, आणि दर दहा मिनिटांनी विचारत राहिला: सांधा दुखतोय? मुंग्या? चक्कर? हातावर पुरळ? काही नव्हतं.

मधल्या वेळात कॅप्टनने ‘स’चा सिलिंडर पुढे ओढला आणि व्हॉल्व्ह उघडला. रेग्युलेटर बिनबोभाट चालला. एक बुडबुडा जास्तीचा नाही. बर्फ वितळला होता, पुरावा संपला होता. मग कॅप्टनने फर्स्ट स्टेजवरचं (रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग) पाणी अंगठ्याने पुसलं आणि तो भाग आमच्यासमोर धरला. धातूवर बारीक अक्षरांत, सेल्सिअसमध्ये, ‘१० अंशांहून अधिक’ अशी खूण कोरलेली होती. युरोपीय मानकाप्रमाणे थंड पाण्याची चाचणी न दिलेल्या रेग्युलेटरवर ती असते. ‘स’ने तो रेग्युलेटर चार वर्षं वापरला होता. मीही त्या दिवशी सकाळी तो हातात घेऊन तपासला होता.

संध्याकाळी टोरांटोकडे परतायचा बेत होता, साधारण तीनशे किलोमीटर. तोही बदलला. वाटेतला डंडॉकजवळचा प्रदेश सरोवराच्या पातळीपेक्षा तीनशे मीटरहून उंच आहे, आणि जलद वर आलेल्या माणसाला लगेच उंचीवर न्यायचं नाही. मुक्काम टोबरमोरीलाच केला. रात्री मी दर दोन तासांनी त्याच्या खोलीचं दार वाजवलं. रविवारी तो पाण्यात उतरला नाही. त्याला कोणताही त्रास झाला नाही.

कारणं

रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजमध्ये दोनशे बारची हवा एका झटक्यात आजूबाजूच्या दाबापेक्षा दहाएक बार जास्त इतक्यावर उतरते. हवा अशी पसरली की फार गार होते आणि आतला धातू शून्याच्या बराच खाली जातो. सीलबंद नसलेल्या फर्स्ट स्टेजमध्ये स्प्रिंगभोवती बाहेरचं पाणी असतं. ते पाणी तीस अंशांचं असेल तर धातूला ऊब देतं, पाच अंशांचं असेल तर स्वतःच गोठतं. समुद्राचं पाणी गोठायला शून्याच्या खाली जवळजवळ दोन अंश लागतात, गोड्या पाण्याला शून्य पुरतं. बर्फाचा कण अडकला की झडप मिटत नाही, पुढच्या नळीतला दाब चढतो आणि तोंडातला रेग्युलेटर उघडाच राहतो. उघडा राहिला की आणखी हवा वाहते, आणखी गारवा येतो, आणखी बर्फ धरतो. मध्ये थांबायला जागाच नसते.

हवा जितकी वेगाने वाहील तितका हा धोका जास्त. ‘स’ने फुगारा आणि श्वास एकाच वेळी घेतला तो निष्काळजीपणाने नाही. वजन जास्त, म्हणून वर उठायला जास्त हवा. बोटं बधिर, म्हणून बटण सुटेना. आणि ३३ मीटरवरचा नायट्रोजन डोकं थोडं मंद करतोच. बारा किलो शिसं बांधलं तेव्हाच त्या लांब फुगाऱ्याची तयारी झाली होती.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी, फोनवरचा माझा होकार. सीलबंद रेग्युलेटर नाही तर ‘अरेबिया’ नाही, हे मी म्हणायला हवं होतं. पैसे गेले असते, तो हिरमुसला असता, आणि आम्ही दोन दिवस उथळ जहाजांवर आनंदात काढले असते. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की तो अनुभवी आहे. खरं कारण असं की त्याला ते जहाज दाखवायची मलाच घाई होती.

दुसरं, सकाळची तपासणी. ती थरबदलाच्या खाली, वीस मीटरवर, दोराला धरून करायला हवी होती. तिथे थोडा वेळ थांबून छोटे फुगारे देऊन पाहायचे. गडबड झालीच तर वीस मीटरवरून वर येणं तेहतीसपेक्षा खूप सोपं. वजनाची चाचणीही शेवटच्या पन्नास बारवर, पाच मीटरवर करायची. नंतर आम्ही ती केली तेव्हा ‘स’ला त्याच सूटमध्ये नऊ किलो पुरले.

तिसरं, हवेचा हिशेब. तो मी त्या रात्री मुक्कामी मांडला. घाबरलेला माणूस पृष्ठभागावरच्या मापाने मिनिटाला तीस लिटर ओढतो असं धरलं तर दोघांचे साठ. ३३ मीटर गोड्या पाण्यात एकूण दाब ४.२ पट. तिथे एक मिनिट सावरायला: २५० लिटर. वर येताना तीन मिनिटं, सरासरी दाब पावणेतीन-तीन पट: पाचशेहून थोडे जास्त. पाच मीटरवर तीन मिनिटं: २७०. शेवटचा टप्पा: ७५. बेरीज अकराशेच्या पुढे. ‘स’च्या पाठीवरच्या ११.१ लिटरच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला हे शंभर बार झाले. आम्ही ठरवले होते सत्तर.

प्रत्यक्षात आम्हाला याहून जास्त लागली, जवळजवळ साडेतेराशे लिटर, कारण दोराकडे पोहणं आणि वाढवलेला थांबा. मी त्या दिवशी पंधरा लिटरचा स्टीलचा सिलिंडर घेतला होता. ‘स’सारखाच लहान घेतला असता तर पृष्ठभागावर येईपर्यंत माझा गेज शून्यावर असता. मोठा सिलिंडर मी विचार करून निवडला नव्हता, दुकानदाराने समोर ठेवला तो उचलला. हे मला त्या रात्री झोपू न देणारं होतं.

चौथं, बीसीडी. रेग्युलेटर दिला, व्हॉल्व्ह बंद केला, तेव्हाच त्याची हवा सोडायची नळी मी माझ्या हातात घ्यायला हवी होती. जो दुसऱ्याच्या हवेवर आहे त्याचं तरंगणं दुसऱ्यानेच बघायचं, हे आता मी डाईव्हपूर्वी बोलून ठेवते.

एका गोष्टीवर माझं आणि ‘स’चं अजून जमत नाही. त्याचं म्हणणं, पाच मीटरवर ऊबदार पाण्यात त्याचा व्हॉल्व्ह हळूच उघडून पाहायला हवा होता. तीस बार शिल्लक होते, तो स्वतःच्या हवेवर आला असता आणि माझ्यावरचा भार कमी झाला असता. माझं म्हणणं, चालू असलेली व्यवस्था थांब्यावर मोडायची नाही, निदान ४५ बार हाताशी असताना. माझे वीस उरले असते तर मी त्याचंच केलं असतं.

तो हिवाळा ‘स’ने ड्राय सूट शिकण्यात घालवला. स्थानिक खाणीतल्या तळ्यात, गार पाण्यात, चौदा डाईव्ह. सीलबंद फर्स्ट स्टेज घेतला आणि पाठीवर दोन स्वतंत्र व्हॉल्व्हचा जोड सिलिंडर. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये आम्ही पुन्हा ‘अरेबिया’वर गेलो. निघताना त्याने माझा रेग्युलेटर मागून घेतला, उलटा केला, त्यावरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली आणि मगच परत दिला. खाली पाच अंश होते. तो नांगराच्या बाजूला तरंगत राहिला, गाळापासून दोन मीटर वर, आणि चौदाव्या मिनिटाला वर निघायची खूण त्यानेच केली.